पटावर त्र्याऐंशी

मौजे सावरखेड बाग, ता. अकोट, जि. अकोला
९ जुलै १९२८

दोस्त अब्दुल सत्तार यास खुशाल मास्तराचा रामराम.

तू अमरावतीच्या कचेरीत बसून आमच्यासारख्या खेड्यातल्या मास्तरांचे कागद इकडचे तिकडे करतोस, म्हणून तुलेच विचारतो. मागच्या बाजारी अकोटात गोष्ट ऐकली की सरकार लहान वर्ग फोडायले पैसा देऊन राहिलं. बिगारीच्या वर्गात अन् पहिलीत पोट्टे फार असले तर एक मास्तर जादा, अन् त्याचा पगार बराचसा सरकारचा. हे खरं का बाजारगप्पा, तेवढं कळव.

माझं तुले माहीतच आहे. शाळेच्या खोल्या दोन. एकीत दुसरी ते चौथी, ती केशवराव घेतात. लहान पोट्टे त्यांच्याच्यानं होत नाहीत. परसाली एक दिवस दिले होते, तर दुपारच्या सुट्टीपर्यंत तेच रडकुंडीले आले. म्हणून बिगारी अन् पहिली माझ्याकडे, दोन्ही मिळून त्र्याऐंशी. हजेरी घ्यायलेच अर्धा तास जाते. शेवटचं नाव होईस्तोवर पहिलं पोट्टं पाणी प्यायच्या नावानं घरी जाऊन झोपलेलं असते. माझा गळा आता फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसासारखा राहते. अकोटचे डॉक्टर म्हणाले, मास्तर, ओरडणं बंद करा. मी म्हटलं, मंग मास्तरकीच बंद करा असं सांगा ना.

सितारा नावाची एक मुलगी आहे, बागवानाची, सात वर्षांची. गावात उर्दू शाळा नाही म्हणून माझ्याकडे येते. डोळे हुशार आहेत, पण बोलताना अडते. 'हजर' म्हणायले तिले इतका वेळ लागते की मागचे पोट्टे खिदळायले लागतात. म्हणून मी नुसता तिच्याकडे पाहतो, खूण करतो अन् पुढचं नाव घेतो. दोन वर्षं झाली, तिचा आवाज मी धड ऐकला नाही. आता अशात काय शिकवू अन् कोणाले शिकवू, तूच सांग.

पार्बता बरी आहे. मळ्यात वांग्याची रोपं लावणं चालू आहे. गुलनारले आशीर्वाद.

तुझा खुशाल


अमरावती
१६ जुलै १९२८

खुशाल, तुला आणि वहिनींना सलाम.

बाजारगप्पा बरेचदा कचेरीच्या आधी पोचतात, तशी ही पण पोचली. परिपत्रक परवाच माझ्या मेजावर आलं. बिगारी आणि पहिली मिळून पन्नासांच्या वर पट असेल, आणि तपासणीच्या दिवशी पोरं खरोखर बसलेली दिसतील, तर डिस्ट्रिक्ट कौन्सिलला एका जादा शिक्षकासाठी सरकारी मदत मिळेल. मग एकाकडे पंचेचाळीसाच्या वर पोरं ठेवायची नाहीत. पण या साली अख्ख्या वऱ्हाडातून शाळा फक्त बारा. उरलेल्यांनी बसावं वाट पाहत, आणि वाट किती साल पाहावी लागेल ते खुदालाच ठाऊक.

यादी मी करतो आणि सही साहेबांची होते. यादीत चूक निघाली की साहेब सहीकडे पाहत नाहीत, माझ्याकडे पाहतात. तरी तुझं नाव मी घालतो. सोबतचा फॉर्म भरून पाठव, आकडा खरा लिही. शाळा तपासणारे डिप्टी साहेब स्वतः येऊन मोजणार आहेत.

एक सांग, त्र्याऐंशी पोरं तू एकटा सांभाळतोस तरी कसा? माझी गुलनार जाते त्या वर्गात पोरी अठ्ठावीस. रोज घरी आली की उस्तानीबाई आपल्याशी काय काय बोलली ते जेवण होईपर्यंत सांगत बसते. तुझी सितारा घरी जाऊन काय सांगत असेल, हे वाचल्यापासून माझ्या मनात येऊन राहिलं.

सत्तार


सावरखेड बाग
५ ऑगस्ट १९२८

सत्तार,

फॉर्म भरून पाठवला. पट त्र्याऐंशी, एक कमी नाही, एक जास्त नाही.

कसा सांभाळतो म्हणून विचारलंस. जमवतो बाप्पा. माणसानं मनावर घेतलं तर जमते.

तपासणीची चिंता तू सोड. शाळेले चुना मारून घेतला, अंगणात मुरूम टाकला. आपले ट्रेनिंगचे गुरुजी तपासणीसाठी काय सांगायचे, ते मी एवढ्या वर्षांत विसरलो नाही. साहेबाले शाळा अशी दाखवीन की तो शेरेबुकात लिहिता लिहिता थकला पाहिजे. तुझ्या यादीची मान खाली जाणार नाही, हा माझा शब्द.

खुशाल


अमरावती
११ सप्टेंबर १९२८

रा. रा. खुशालराव मास्तर यांस अब्दुल सत्तार कारकून यांचा सलाम.

तुमच्या शाळेच्या तपासणीचा शेरा कचेरीत आला, तो जसा आहे तसा उतरवून देतो. "शिस्त व पाठांतर फार चांगले. अंगण स्वच्छ. लहान वर्गांचा पट ८३, हजर ३१. पट फुगवलेला असावा असा संशय येतो. जादा शिक्षकाची जरूर दिसत नाही." मुख्य शिक्षकाने पंधरा दिवसांत खुलासा करावा, असा हुकूम निघतो आहे.

यादीत ही शाळा कोणी घातली म्हणून आमच्या साहेबांनी विचारलं. मी उभा राहिलो. अठरा वर्षांच्या नोकरीत अशा कारणासाठी मी पहिल्यांदा उभा राहिलो.

बावन्न पोरं कागदावर बनवलीत का, एवढंच मला सांगा. बनवली असतील तर तसंही सांगा.

अब्दुल सत्तार


सावरखेड बाग
१४ सप्टेंबर १९२८

प्रिय सत्तार,

तू मले 'तुम्ही' लिहिलंस. साहेबाच्या शेऱ्यापेक्षा तेच जास्त लागलं.

पट खरा आहे. तपासणीचे सुमारास गावामध्ये देवीची साथ उद्भवल्याकारणाने पुष्कळ मुले आपापले घरी राहिली होती. सबब हजेरी कमी भरली. सदर कारण साहेबांचे कानावर घालावे, ही विनंती.

पार्बता बरी आहे.

खुशाल


अमरावती
१८ सप्टेंबर १९२८

खुशाल,

माफ कर भाई. मी काय लिहून बसलो आणि तिथे पोरं देवीनं पडलेली. हे तू आधी का नाही सांगितलंस? तुमच्या घरात तर कोणाला नाही ना? सितारा बरी आहे ना?

शेजारच्या कचेरीत आरोग्य खात्याचा किसनराव आहे, त्याला लगेच सांगितलं. त्यानं माझ्यासमोर अकोल्याला तार केली. देवी टोचणारा आठ-दहा दिवसांत तुमच्या गावी पोचेल. तोवर पोरांना एकत्र बसवू नका. खुलाशाचं मी पाहतो.

सत्तार


सावरखेड बाग
२९ सप्टेंबर १९२८

सत्तारभाऊले पार्बताबाईचा नमस्कार.

मी कागद लिहून रायली म्हनून तुमाले नवल वाटंल. अक्षर वाकडं हाय. मले आमच्या मास्तरांनीच लिहाले शिकवलं, चुलीपुढं, पाटीवर. आता त्याहींनाच न इचारता लिहिते.

काल बैलबंडीत बसून टोचनारा आला. दवंडी झाली, घरोघर हिंडला. गावात कोनालेच देवी नाई. एका म्हातारीले खरूज होती, तेवढीच. तो संतापला, म्हने सरकारले खोटं कोनं कळवलं? मी आमच्या मास्तरांकडं पायलं. ते आमच्या हिरीत वाकून पानी पायत होते. हिरीत पानी हाय हे त्याहींले वीस वर्सापासून ठावं हाय. मंग मी समजली.

आता खरं ते ऐका. पोट्टे त्र्याऐंशीच हायेत. दोन वर्सापासून त्यातले लहान लहान चाळीस मी आमच्या मळ्यात घेऊन बसते, शाळेच्या मांगंच. मास्तरांचा गळा पार बसला होता, रातभर खोकत, तवापासून. कोनी सांगतलं नाई, कोनाचा हुकूम नाई. चवळीच्या दान्यांवर मोजनं शिकवते, धुळीत अक्षरं काढून घेते. ते बसले की वांगी तोडाले फुरसत भेटत नाई, यंदा निम्मी झाडावरच जून होऊन गेली. पन पोट्टे शिकतात.

तपासनीच्या दिवशी मास्तरांनी हे चाळीस तर मळ्यात ठेवलेच, आनखी बारा कच्चे धाडले. म्हने गुरुजींचा नेम हाय, साहेब येते त्या दिवशी कच्चं पोट्टं त्याच्या डोयापुढं पडू द्यायचं नाई. आमी माळी मानसं भाऊ. टोपल्यात वर चांगली वांगी अन् खाली बारकी, हे हाताले लागूनच गेलं. पन यावेळी सरकारले खालचीच मोजाची होती, हे काई त्याहींच्या ध्यानात आलं नाई. साहेब तिकडं एकतीस मोजत होते अन् मी इकडं बावन्न पोट्ट्यांले चूप बसा, चूप बसा करत होती.

मंग शेरा आला अन् ते भ्याले. बिनहुकमाची बाई सरकारी पोट्टे शिकवते, हे उघडं पडलं तर नोकरी जाईल म्हनून देवीवर घातलं. मानूस खोटा नाई भाऊ. खोटं लिहाची सवयच नाई, म्हनून तर असं लिहिलं की टोचनारा घरी आला.

टोचनाऱ्यानं मंग आलोच हाव तर टोचूनच जातो म्हटलं. पोट्टे वळीनं उभे केले. मी एकेकाचा दंड धरला अन् नाव सांगतलं, त्यानं नाव अन् वय लिहिलं. शाळेतले पुरे त्र्याऐंशी भरले. त्याची नक्कल मी मांगून घेतली, ती यासंगं हाय. सरकारी मानसाची सही हाय तिच्यावर.

सितारा टोचताना रडली नाई. तिच्याबद्दल मास्तरांनी तुमाले लिहिलं होतं म्हने. आता तिले पहिलीत घेतलं, म्हनून ती मास्तरांच्या खोलीत बसते. पन परसाली हजेरी झाली की माह्यापाशी बसे, तवा शंभरापर्यंत दाने मोजे, तोंडानं. तिच्यासाठी थांबा लागते, बस. मास्तरांले थांबाले येळ नाई, हेच खरं दुखनं हाय आमचं. तुमी रागवा, पन एक डाव या पोट्ट्यांचं पाहा.

पार्बताबाई


अमरावती
४ ऑक्टोबर १९२८

वहिनी, सलाम.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा आमच्या घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. गुलनारची आई म्हणते, या बाईला मास्तर करा आणि मास्तरला वांगी तोडायला पाठवा.

चूक माझीही आहे. गुरुजींचा तो नियम मलाही पाठ होता. खुशालनं 'विसरलो नाही' असं लिहिलं तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. आणि तो 'उद्भवल्याकारणाने' असलं काही लिहायला लागला की खोटं बोलतो, हे ट्रेनिंगपासून माहीत असून मी भुललो.

टोचणाऱ्याची यादी मी फाइलीला लावली. आता खुशालला सांगा, खुलासा सरळ लिही. पोरं लपवली, देवी नव्हती, बायको शिकवते, सगळं लिही. वर्ग फोडायची मदत यंदा मागायची असेल तर यापुढे एक अक्षर खोटं चालणार नाही. आणि नोकरी गेलीच, तर अमरावतीला या. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे, आणि इथे वांग्याला भाव चांगला आहे.

सत्तार


सावरखेड बाग
२२ नोव्हेंबर १९२८

सत्तार,

तुले तोंड दाखवायची लाज वाटत होती म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. खुलासा तू म्हटला तसाच लिहिला. लिहिताना तीन कागद फाडले, पण लिहून झाल्यावर भूक चांगली लागली.

परवा डिप्टी साहेब न कळवता आले. समोरून नाही, मळ्याच्या वाटेनं. त्यांनी आधी पार्बतेचे चाळीस पाहिले. विचारलं, कोण शिकवते यांले? तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला अन् म्हणाली, मी. मंग साहेब म्हणाले, सगळे पोट्टे एका खोलीत बसवा, पटाप्रमाणे.

बसवले. उंबरठ्यापर्यंत पोट्टे. साहेबाले पाय ठेवायले जागा उरली नाही, ते व्हरांड्यात उभे राहिले अन् खिडकीतून स्वतः हजेरी घ्यायले लागले. चाळिसाव्या नावाले त्यांचा आवाज बसला. पार्बतेनं पाणी नेऊन दिलं. शेवटी बेरीज केली अन् म्हणाले, ब्याऐंशी. एक गैरहजर, सितारा.

ती तिसऱ्या ओळीत बसली होती. तोंड उघडलेलं, मान वर, शब्द अजून यायचाच होता. साहेब तोवर पाच नावं पुढं गेले होते. मी रोज हेच करतो, सत्तार. रोज. पण दुसऱ्याले करताना पाहिलं अन् मले राहवलं नाही. मी म्हटलं, साहेब, ती हजर आहे. तिले वेळ लागते, अन् तोच वेळ माझ्यापाशी नाही. बाकी मले काही मागायचं नाही.

साहेबांनी पट पुन्हा उघडला. पटावरची खूण खोडून दुरुस्त केली. शेरेबुकात काय लिहिलं ते मले वाचवलं नाही, पार्बतेनं वाचलं. ती सांगत नाही, नुसती हसते. तुझ्या टेबलावर कागद येईल, तेव्हा तूच कळव.

माझ्यामुळे तुले उभं राहावं लागलं. ते मी जन्मभर विसरणार नाही.

खुशाल


अमरावती
१८ फेब्रुवारी १९२९

खुशाल,

आज पुन्हा आमच्या साहेबांनी हाक मारली. यादीत सावरखेड बागेची शाळा कोणी घातली होती? मी उभा राहिलो. म्हणाले, बसा, बरोबर घातली होती. मी तरी थोडा वेळ उभाच राहिलो, बरं वाटत होतं म्हणून.

मदत मंजूर. हुकूम अकोल्याहून येईलच. आता पुढचं नीट वाच. ट्रेनिंग झालेला मास्तर तुमच्याकडे द्यायला यंदा शिल्लक नाही. डिप्टी साहेबांनी लिहिलं आहे की बिगारीसाठी गावचीच बाई ठेवावी, कारण ती बाई कामावर आधीपासूनच आहे, फक्त सरकारला माहीत नव्हतं. अट एकच, चौथीची परीक्षा पास पाहिजे. परीक्षा एप्रिलात, अकोटला.

तेव्हा वहिनींचा अभ्यास घे. हळू आवाजात घे. आणि परीक्षेच्या दिवशी त्यांना कच्च्या म्हणून मळ्यात लपवू नकोस.

सत्तार


सावरखेड बाग
८ जुलै १९२९

सत्तारभाऊले पार्बताबाईचा नमस्कार, वहिनीले अन् गुलनारले पन.

पास झाली हे तुमाले मास्तरांनी कळवलंच हाय. परीक्षेले माह्या बाजूले केशवराव मास्तरांची दहा-अकरा वर्साची पोट्टी होती. भूगोलात मी अडली तवा ती माह्याकडं अशी पाहे, का मावशी एवढंही येत नाई. इतिहासात मंग ती अडली.

आजपासून शाळा सुरू झाली. कौन्सिलनं व्हरांडा बांबूच्या तट्ट्यानं आडवून मले खोली करून देली. माह्याकडं बिगारीचे एक्केचाळीस, मास्तरांकडं पहिलीचे बेचाळीस, तोंडी परीक्षेत अडली म्हनून सितारा यंदाही त्यातच. सकाळी पटावर मी माही सही केली. मास्तर मांगं उभे राहून पायत होते, म्हने रफार नीट काढ. मी म्हटलं, तुमी तुमच्या वर्गात जा.

इतके वर्स मी मळ्यात असो का चुलीपाशी, त्याहींचा आवाज ऐकू ये. तो आला की शाळा चालू हाय असं समजा. आज हजेरी सुरू झाली, आठ-दहा नावं ऐकू आली, अन् मंग एकदम काहीच नाई. ना त्याहींचा आवाज, ना पोट्ट्यांचा.  वाटलं, गळा पुरता गेला का काय. माह्या पोट्ट्यांले दाने मोजाले लावून मी तट्ट्याच्या फटीतून पायलं.

मास्तर हजेरीपट मांडीवर घेऊन बसले होते. लेखणी हातात तशीच. बेचाळीस पोट्टे चूप. सितारा उभी होती, तोंड उघडलं होतं, अन् मास्तर तिच्याकडं पायत होते. खूण नाई केली, पुढचं नाव नाई घेतलं. थांबले. मीबी थांबली. किती येळ गेला सांगता येत नाई भाऊ, एक पोट्टं तर जांभई देऊन मोकळं झालं.

मंग ती म्हने, हजर.

मास्तरांनी खूण मांडली अन् पुढचं नाव घेतलं. हळूच घेतलं, मले फटीपाशी असून नीट ऐकू आलं नाई.

आता दुपारच्या सुट्टीत हे लिहून रायली. टोपलंभर पालेभाजी अमरावतीले जाऊन रायलेल्या मानसासंगं धाडते, आज उद्या तुमच्याकडं पोचंल. वर-खाली सारखीच लावली हाय, पाहून घ्या. घंटा झाली, जाते.

पार्बताबाई, बिगारीची बाई